गावच्या शाळेसाठी कबड्डी की खो-खो?

बेळगावकडच्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांकडे पैसा कमी असला तरी मैदान असतं, म्हणून हे दोन खेळ.

कबड्डीला जागा कमी लागते; मोठ्यांचं मैदानही १३ बाय १० मीटर. संघात सातच जण. पण माती कडक असेल तर गुडघे-कोपरं सोलतात. चिकोडीकडची काळी जमीन उन्हाळ्यात तडकते, भेगेत पाय मुरगळतो. वीतभर खणून, खडे चाळून, वर बारीक माती पसरा आणि आदल्या संध्याकाळी पाणी मारा. सकाळी मुठीत दाबलेला गोळा हाताला न चिकटता फुटला, की मैदान तयार. शिवाय अंगानं दांडगा पोरगाच चढाईला जातो, बारकी मुलं कडेला उभी राहतात.

खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा आणि दोन खांब हवेत, एवढाच खर्च. खांब गुळगुळीत तासा, खिळा वर राहू देऊ नका. इथे नऊ जण खेळतात आणि प्रत्येकाची पाळी येते. सडपातळ, चपळ मुलीही चमकतात. नवखी मुलं ‘खो’ मिळण्याआधीच उठतात, म्हणून पहिला आठवडा फक्त बसणं-उठणं घ्या.

सगळ्यांना खेळवायचं असेल तर आमचा कौल खो-खोला. खानापुरात मात्र पावसाळ्यात घसरणीमुळे दोन्ही बंदच ठेवा.