त्रेसष्ट मिनिटांचा हिममानव

दोन जुन्या जपानी चित्रपटांच्या डीव्हीडींपायी फसलो, एकूण 26,400 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच आला होता आणि तेव्हा मी ‘गेले थोडेफार’ म्हणून विषय बदलला होता. बायकोला खरा आकडा आता इथेच कळेल.

माझ्या वयाच्या मंडळींना दूरदर्शनवरचा ‘जायंट रोबोट’ आठवत असेल. मनगटातल्या घड्याळात बोलून महाकाय रोबोटला बोलावणारा तो पोरगा! आमच्या वाड्यात ऐंशीच्या दशकात एकच टीव्ही होता आणि त्या अर्ध्या तासात आम्ही अकरा पोरं त्यापुढे मांडी घालून बसायचो. ही मालिका जपानी आहे, तोएई कंपनीची आहे, 1967 सालची आहे, हे मला कळलं ते थेट पंचविशीत, पुण्यात जपानी भाषेचा क्लास लावल्यावर. त्याच क्लासात ‘तोकुसात्सु’ हा शब्द भेटला. तोकुशु सात्सुएई, म्हणजे विशेष चित्रीकरण, त्याचं हे लघुरूप. छोटी शहरं बांधायची, माणसाला रबरी सोंगात घालायचं आणि कॅमेरा वेगात फिरवून त्याची चाल जड भासवायची. एइजी त्सुबुराया हे या कलेतले बाप माणूस. 1954 चा ‘गॉडझिला’ सगळ्यांना माहीत असतो. मला वेड लागलं ते त्याच्या आजूबाजूच्या, कुणी नाव न घेणाऱ्या चित्रपटांचं.

आणि वेड लागावं असेच आहेत ते. 1962 चा ‘गोराथ’ घ्या. एक भरकटलेला तारा पृथ्वीवर आदळणार असतो. आता ताऱ्याला तर हलवता येत नाही. मग हे लोक काय करतात, तर दक्षिण ध्रुवावर प्रचंड अग्निबाण-यंत्रं उभारून अख्खी पृथ्वीच बाजूला सरकवतात! घरातलं कपाट सरकवावं तशी. दाइएई कंपनीचा 1956 चा एक रंगीत चित्रपट आहे, त्यातले परग्रहवासी चक्क चालते-बोलते तारामासे आहेत, पोटाच्या मधोमध एकच डोळा. त्यांचं रूप रेखाटलं होतं तारो ओकामोतो यांनी, जे जपानचे नावाजलेले चित्रकार. दाइएईचाच ‘दाइमाजिन’, दगडी देवाच्या कोपाचा, त्याचे तिन्ही भाग एकाच वर्षात, 1966 मध्ये आले. आजच्या संगणकी करामतींपेक्षा मला हे पुठ्ठ्याचे वाडे कोसळताना जास्त खरे वाटतात. धूळ खरी असते ना.

टोकियोत निशी-कासाईला दोन वर्षं नोकरीसाठी होतो तेव्हा शनिवार-रविवार जिंबोचो आणि नाकानोच्या जुन्या दुकानांत गेले. तिथे फसलो नाही. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून डिस्क दिव्याखाली धरायचा, ओरखडा दाखवायचा आणि किंमत आपणहून कमी करायचा. पुण्यात परत आलो आणि ही विश्वास ठेवायची सवय अंगाशी आली.

या छंदात काही चित्रपट असे आहेत की ज्यांचं नाव काढलं तरी माणसं आवाज खाली आणतात. जपानीत त्यांना ‘फूइन साकुहिन’ म्हणतात, म्हणजे मोहोर लावून बंद केलेल्या कलाकृती. त्यातले दोन तोहो कंपनीचे. पहिला 1955 चा ‘ज्यूजिन युकी-ओतोको’, हिममानवाचा. दिग्दर्शक इशिरो होंडा, करामती त्सुबुरायांच्या, म्हणजे गॉडझिलाचीच जोडी. त्यात डोंगरातली एक अलग पडलेली वस्ती दाखवली आहे, आणि ते चित्रण तिथल्या बहिष्कृत समाजाचा अपमान करणारं ठरतं, हे त्याच्या बंदिवासाचं कारण सांगितलं जातं. दुसरा 1974 चा, नोस्त्रादामसच्या भविष्यवाणीवरचा. त्यात किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली माणसं दाखवली, त्यावर अणुबॉम्बपीडितांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. दोन्ही चित्रपट चित्रपटगृहांत लागले, पण घरी बघण्यासाठीची अधिकृत आवृत्ती जपानात निघालेली नाही. कॅसेट नाही, डीव्हीडी नाही.

हे मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका माणसाचा मेसेज आला. मी कुठेतरी ‘मातांगो’ची डीव्हीडी शोधतोय असं लिहिलं होतं, ते वाचून. शुद्ध मराठी. ‘दादा, मी मूळचा नाशिकचा, आठ वर्षं ओसाकात आहे, ‘मातांगो’ माझ्याकडे जास्तीची आहे.’ 2,800 रुपये मागितले. पैसे पाठवले, तीन आठवड्यांत डिस्क आली. अस्सल. जपानी आवृत्त्यांना पुठ्ठ्याची पट्टी असते, ‘ओबी’, तीसुद्धा जागेवर. (बेटावरच्या अळंब्या खाऊन माणसंच अळंबी होतात, असा तो 1963 चा चित्रपट. बघितल्यापासून आमच्याकडे मशरूमची भाजी मी खात नाही.)

मग गप्पा सुरू झाल्या. रोज रात्री. आणि मला हे कबूल करायला हवं की गेल्या दहा वर्षांत या विषयावर माझ्याशी इतकं छान कुणी बोललं नव्हतं. दाइएईच्या 1949 च्या अदृश्य माणसावरच्या चित्रपटाच्या करामती त्सुबुरायांनीच केल्या, हे त्याला माहीत होतं. त्सुबुरायांच्या जन्मगावी, फुकुशिमातल्या सुकागावाला, 2020 मध्ये जुनी सोंगं आणि छोट्या प्रतिकृती जपणारं केंद्र उघडलं, तिथलं वर्णन त्याने असं केलं की मी तिकिटाचे दर बघायला लागलो. या माणसाने चित्रपटांबद्दल मला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. नंतर मी सगळ्या गप्पा पुन्हा वाचून काढल्या, तेव्हा खोटं फक्त एकाच ठिकाणी सापडलं. नेमकं मालाबद्दल.

ऑगस्टमध्ये त्याने विषय काढला. दोन्ही बंद चित्रपटांच्या ‘ओरिजिनल’ डीव्हीडी. ‘थोड्या प्रती छापल्या होत्या, मग कंपनीने परत मागवल्या, एका निवृत्त माणसाकडून मिळाल्या.’ दोन्हींचे मिळून 21,000. मी म्हटलं, जरा जास्त वाटतंय. त्यावर त्याचं उत्तर: ‘दादा, जपानी माणसाला मी पस्तीसला दिल्या असत्या. आपल्या माणसाकडून काय नफा घ्यायचा!’

जी आवृत्ती निघालीच नाही तिची अस्सल प्रत कुठून येणार? पाचवीतल्या पोराला पडावा असा प्रश्न. मला पडला नाही असंही नाही. पण ‘परत मागवल्या’ या दोन शब्दांनी मी तो स्वतःच मिटवला. मला ते खरं असायला हवं होतं.

त्याने वेष्टनाचे फोटो पाठवले. खाली तोहोच्या डीव्हीडीवर असतो तसा ‘टीडीव्ही’ने सुरू होणारा क्रमांक, ओबी, सगळं जिथल्या तिथे. मी फोटो मोठा करून बघितला तो चित्रासाठी, क्रमांकासाठी नाही. तो क्रमांक नुसता शोधला असता तर कळलं असतं की तो भलत्याच चित्रपटाचा आहे. हे मी केलं ते पैसे गेल्यावर. आणि दुसऱ्या वेष्टनाच्या कण्यावर नोस्त्रादामस हे नाव चुकीचं छापलेलं होतं. काताकाना लिपीत ‘सु’ आणि ‘नु’ ही अक्षरं सख्ख्या भावांसारखी दिसतात. शेवटची तिरकी रेघ आधीच्या रेघेला छेदून पलीकडे गेली की ‘सु’चा ‘नु’ होतो. छापलं होतं ‘नोसुतोरादामुनु’. जपानीच्या पहिल्या सत्रात आमच्या बाईंनी याच दोन अक्षरांसाठी माझ्याकडून वहीची चार पानं भरून घेतली होती. कुठलीही जपानी कंपनी ही चूक छापणार नाही. ती करतो जपानी न येणारा माणूस, चित्रावरून अक्षरं उतरवताना.

पैसे पाठवले एका बँक खात्यात. खातं त्याच्या नावाचं नव्हतं. ‘बहिणीचं आहे, दादा.’

बारा दिवसांनी फोन आला, हिंदीत: पार्सल मुंबईत सीमाशुल्क विभागात अडकलंय, 5,400 रुपये भरा, नाहीतर परत जाईल. यूपीआय क्रमांक दिला. मी भरले, आणि वर त्यालाच मेसेज केला की बघ बाबा, तुझं पार्सल सोडवलं. ‘सॉरी दादा, तुम्हाला त्रास झाला,’ असं त्याने लिहिलं. टपालाने आलेल्या परदेशी पार्सलवर शुल्क लागलंच तर ते पोस्टमन पार्सल हातात देताना घेतो आणि पावती देतो. कुणी फोन करून खासगी यूपीआयवर मागत नाही. मी टोकियोहून स्वतःला कितीतरी खोकी पाठवली आहेत, शुल्कही भरलंय, दारात उभं राहून.

पार्सलचा क्रमांक मागितला तेव्हा त्याने दिलाही. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक म्हणजे दोन रोमन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी जिथून निघालं त्या देशाची दोन अक्षरं. जपानहून निघालं तर शेवटी ‘जेपी’. माझ्या क्रमांकाच्या शेवटी होतं ‘आयएन’. ओसाकाहून आलेलं पार्सल भारतातच टपालात पडलं होतं! फोनवर तो क्रमांक मी दिवसातून चारदा टाकत होतो, आणि शेवटची दोन अक्षरं एकदाही वाचली नाहीत.

पार्सल आलं सप्टेंबरच्या एका शनिवारी. खोक्याच्या आत हिंदी वर्तमानपत्राचा बोळा. (‘ओसाकातही हिंदी पेपर मिळतो वाटतं,’ ही बायको.) डिस्क उलटी केली तर खालची बाजू जांभळट. कारखान्यात दाबून काढलेली डिस्क खालून चंदेरी असते. जांभळी झाक असते ती घरच्या संगणकावर भरलेल्या कोऱ्या डिस्कला. वरचं चित्र स्टिकरचं, एका कडेला बुडबुडा. नखाने उचललं तर पांढरा कागद निघाला.

तरी हिममानवाची लावली. जपानी मूळ चित्रपट साधारण दीड तासाचा आहे. पडद्यावर पहिल्यांदा बोलायला लागला तो एक उंच अमेरिकन गृहस्थ, जॉन कॅराडीन. म्हणजे ही 1958 ची अमेरिकन काटछाट, 63 मिनिटांची. तिथल्या वितरकाने होंडांचा चित्रपट कापला, अमेरिकन नटांचे प्रसंग घुसवले, मासारू सातो यांचं संगीत काढून टाकलं, आणि जपानी पात्रं नुसते ओठ हलवत असताना कॅराडीन त्यावरून गोष्ट सांगत सुटतो. एका प्रसंगात तर हिममानवाच्या पोराचं प्रेत टेबलावर ठेवून चिरफाड चाललेली असते. त्यासाठी ते सोंग जपानहून अमेरिकेला मागवलं होतं. ही काटछाट शोधायला कुणाला पुणे-ओसाका-दिल्ली अशी वारी करावी लागत नाही.

दुसरी डिस्क जपानी भाषेतलीच निघाली. पण वरच्या कडेला सुरुवातीपासून वेळेचे आकडे पळत होते, स्टुडिओच्या आतल्या कामासाठी काढलेल्या प्रतीवर असतात तसे. त्या प्रतीची प्रत, तिची प्रत. माणसांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे. आणि सत्तेचाळिसाव्या मिनिटाला चित्र थिजलं ते थिजलंच. तेव्हा कुठे लख्ख कळलं, की ही ‘अस्सल’ निघाली असती तरी ती कुणाच्या तरी कपाटातून चोरलेलीच असती. मी 21,000 देऊन चोरीचा माल घ्यायला निघालो होतो आणि तक्रार काय, तर चोरी पुरेशी चांगली नाही.

मेसेज केला. तो अजिबात चिडला नाही. ‘चुकून दुसऱ्या डिस्क गेल्या, दादा. परत पाठवू नका, पुढच्या पार्सलमध्ये बरोबर पाठवतो.’ आणि पुढचं पार्सल कसलं? तर 1938 चा ‘एदो नी आरावारेता किंगकाँग’, एदो शहरात आलेला किंगकाँग, सोळा मिलिमीटरचं रीळ, 60,000, निम्मे आधी.

हा चित्रपट हरवलेला आहे. 1933 चा जपानी किंगकाँगही हरवलेला आहे. उरलेत ते काही फोटो आणि जाहिराती. 1938 च्या चित्रपटातलं माकडाचं सोंग बनवणारे फुमिनोरी ओहाशी पुढे गॉडझिलाच्या सोंगाच्या कामातही होते, म्हणून त्या चित्रपटाला एवढं महत्त्व. तसं रीळ खरंच सापडलं तर ते टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाईल, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येईल. नाशिकच्या माणसामार्फत माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर येणार नाही. तरीही मी त्या रात्री मुदत ठेवीची पावती काढून तारीख बघितली. हे फक्त लिहितोय, बायकोला सांगितलेलं नाही.

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. पैसे परत मागितले, त्याने मला ब्लॉक केलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन केला तोवर पहिले पैसे जाऊन महिना उलटला होता. पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. माझी केव्हाच काढून घेतली गेली होती. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी दोनदा विचारलं, ‘म्हणजे नक्की काय मागवलं होतं?’ मी म्हटलं, हिममानवाचा जपानी चित्रपट. त्यांनी लिहिलं: ‘सीडी’.

दुखतं ते हे, की सरळ रस्ता उघडा होता. तारामाशांचा तो 1956 चा चित्रपट, त्सुबुरायांचा अदृश्य माणूस, दाइमाजिनचे तिन्ही भाग, हे सगळे अलीकडच्या काही वर्षांत ब्रिटनमधून नीट दुरुस्त करून, इंग्रजी उपशीर्षकांसह निघालेत. शोचिकु कंपनीचे चार विचित्र भयपट 2012 मध्ये अमेरिकेत एका संचात आले. डिस्कवरचा विभागाचा क्रमांक, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते, तेवढा बघून घ्यायचा. डीव्हीडीत जपान विभाग 2 आणि आपण 5, ब्ल्यू-रेत जपान ए आणि आपण सी, त्यामुळे सगळे विभाग चालवणारा प्लेअर लागतो. 26,400 मध्ये प्लेअर आला असता आणि वर दाइमाजिनही.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका मित्राचा फोन आला. त्याला कुणीतरी ‘नेझुरा’ देतोय, पूर्ण लांबीचा, 15,000 ला. विकणारा मूळचा कोल्हापूरचा, आता नागोयात. मी त्याला समजावलं: अरे, हा दाइएईचा चित्रपट 1964 मध्ये येणार होता. छोट्या शहरावर खरे जिवंत उंदीर सोडले, त्यांच्या अंगावरच्या पिसवा स्टुडिओभर झाल्या, आणि काम बंद करावं लागलं. म्हणून तर त्यांनी पुढच्या वर्षी महाकाय कासवाचा ‘गामेरा’ केला. चित्रपट पूर्ण झालेलाच नाही. जे झालं नाही ते तो विकणार कसं?

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, ‘ते सगळं बरोबर आहे रे. पण समजा, असलाच तर?’