पुनर्वसन गावठाणात गाय घ्यावी की बकऱ्या?

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात धानाच्या बांध्या गेल्या आणि नव्या गावठाणात घर उभं राहिलं, की घरात विषय निघतो: आता जनावर कोणतं घ्यायचं? जुन्या गावात घरचं तणीस (धानाचा पेंढा) होतं, धुऱ्यावर गवत होतं. इथे पेंढी-पेंढी विकत. म्हणून हिशेब दुधापासून नको, चाऱ्यापासून करा.

संकरित गाईला दिवसाला २०-२५ किलो हिरवा चारा लागतो, वर कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि सरकीची ढेप. दूध संकलन केंद्र जवळ असेल तर हातात नियमित पैसा येतो, हे खरं. पण विण्याआधीचे दोन महिने ती दूध देत नाही आणि खाणं मात्र चालूच राहतं. २००६ च्या शेतकऱ्यांसाठीच्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत दुधाळ जनावरं वाटली गेली. चारा-पाणी नसलेल्या घरांना ती पोसणं जड गेलं. एकुलती एक गाय दगावली तर सगळं भांडवल गेलं, ही भीती वेगळीच.

त्याच चाऱ्यात पाच-सहा बकऱ्या निघतात. बकरी पाच महिन्यांत विते, बरेचदा जुळी देते. दवाखान्याचा खर्च आला तर एक बोकड विकता येतो; गाईचा पाय कापून विकता येत नाही. बेरारी जात आपल्याच भागातली, इथलं ऊन सोसणारी.

बकऱ्यांचा खरा अडथळा चराई आहे. शेजारच्या गावाच्या शेतात कळप शिरला की भांडण होतं, आणि नवे लोक म्हणून दोष आधी तुमच्यावर येतो. सुबाभूळ, शेवरी लावून निम्मी पोटं गोठ्यातच भरा. पीपीआर (बकऱ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष होणारा रोग) यांची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या, आंत्रविषाराची तर पावसाळ्याआधीच. खाली चिखल राहत असेल तर बांबूचा माचा (उंच मचाण) करा.

गावठी कोंबड्या कमी पैशात होतात. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस आणि रात्री मुंगसापासून बंदोबस्त एवढं जमवा. एकट्या बाईच्या घरी मी त्याच आधी सुचवेन.

वर्षभराचा चारा स्वतःच्या जमिनीत निघत असेल तरच गाय घ्या. नाहीतर चार बकऱ्यांनी सुरुवात करा. त्या धान कापणीनंतर ओळखीच्या घरून आणा, आषाढातल्या बाजारातून नको. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधा.