जवसाचे आठ महिने: बी, तेल आणि कापड

गेले आठ महिने मी जवस तीन रूपांत वापरत आहे: खाण्यासाठी बी, लाकडी टेबलासाठी तेल आणि अंथरायला लिननची चादर. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या वनस्पतीच्या नावाला ‘अत्यंत उपयुक्त’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण जोडले. उपयोग कसा करावा, ते मात्र ज्याचे त्याला चुकत चुकत शिकावे लागते.

अख्खे बी कठीण सालीमुळे बरेचदा न पचताच बाहेर पडते, म्हणून मी महिनाभराची पूड एकदम करून बरणीत भरली. तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडले, तर रंगकाम चालू असलेल्या खोलीसारखा वास आला आणि चिमूटभर पूड जिभेवर ठेवताच कडवट लागली. जवसाच्या तेलात साधारण निम्मा वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-3 चा असतो. त्याच्यासाठी आपण जवस खातो आणि हवेतला ऑक्सिजन लागून खवट होते तेही तेच. आता चार दिवसांपुरतेच बी दळते.

गंमत म्हणजे पुडीत नको असलेला हाच गुण लाकडावर हवा असतो. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ऑक्सिजन शोषून त्याचा घट्ट पापुद्रा बनतो. चित्रकारांनी ते शतकानुशतके रंगात कालवले ते यासाठीच, आणि 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने त्यापासूनच जमिनीवर अंथरायचे लिनोलियम बनवले. मी पहिला हात सढळ मारला आणि टेबल दोन आठवडे चिकट राहिले. दुसऱ्या वेळी पातळ हात देऊन वरचे तेल पुसून घेतले, तेव्हा कुठे लाकूड खुलले. पुसलेले फडके मी बोळा करून कोपऱ्यात टाकले होते. काही वेळाने उचलले तर ते हाताला चक्क कोमट लागले! तेल वाळताना उष्णता निघते आणि ती बोळ्यात कोंडली तर फडके आपोआप पेटू शकते, त्यामुळे आता ते पसरून मोकळ्या हवेत वाळवते. लाकडासाठीच्या ‘उकळलेल्या’ तेलात बहुधा ते लवकर वाळावे म्हणून धातूंची संयुगे मिसळलेली असतात. ते स्वयंपाकघरात नेऊच नये.

चादरीबद्दल मात्र तक्रार कमी. खोडाच्या सालीतला लांब वाख मिळावा म्हणून झाडे कापण्याऐवजी मुळासकट उपटतात, मग ओलाव्यात कुजवून तो सोडवतात. सुरुवातीला कागदासारखी कडक असलेली चादर दहा-बारा धुण्यांनंतर मऊ पडली. घाम चटकन टिपते, आणि हा धागा ओला असताना अधिक मजबूत असल्यामुळे धुण्याची धास्ती नाही. तो ताणला मात्र जवळजवळ जात नाही, म्हणून चुण्या पडतातच. सतत एकाच रेषेवर घडी घातल्याने तिथले धागे विरळ दिसू लागले, तेव्हापासून दर वेळी घडी बदलते.

चादर आणि तेल मी पुन्हा घेईन. दळलेली तयार पूड मात्र नाही.