निळा स्वेटर की सातवी खोली?

मासिकांचं झगमगीत जग, तिथले खडूस संपादक आणि त्यात घुसू पाहणारा एक बाहेरचा जीव, या मालमसाल्यावर हसवणारा सिनेमा शोधायला गेलात की दोन नावं समोर येतात. एक सगळ्यांनी पाहिलेलं, ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ (2006). दुसरं ‘हाऊ टू लूज फ्रेंड्स अँड एलिएनेट पीपल’ (2008), जे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आणि नाव गुगल केलंत की टीकाकारांचे आकडे बघून पाहायची इच्छाही होत नाही.

तर आधी आकड्यांचंच बघू. रॉटन टोमॅटोजवर ‘प्राडा’ पंचाहत्तरच्या आसपास आहे, ‘लूज फ्रेंड्स’ चाळिशीही गाठत नाही. पण हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचू नका. शंभरातल्या किती समीक्षकांनी सिनेमाला बरं म्हटलं, एवढंच तो सांगतो. ‘ठीक आहे, एकदा बघा’ म्हणणारा आणि ‘अफाट!’ म्हणणारा, दोघांचं मत त्यात सारखंच मोजलं जातं. साधे प्रेक्षक दहापैकी गुण देतात त्या आयएमडीबीवर गेलात तर चित्र बदलतं. एक सातच्या आसपास, दुसरा साडेसहाच्या जवळ. समीक्षकांच्या लेखी दुपटीचा फरक, प्रेक्षकांच्या लेखी जेमतेम अर्ध्या गुणाचा.

असं का झालं असावं? दोन्ही सिनेमे पुस्तकांवर बेतलेले आहेत, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. ‘प्राडा’ची कादंबरी लॉरेन वाइसबर्गरची, 2003 सालची. ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या तेव्हाच्या संपादक ॲना विंटूर यांची सहायक म्हणून तिने काम केलं होतं आणि मनातला राग कागदावर काढला होता. पुस्तकातली बॉस निव्वळ राक्षसीण आहे. सिनेमात मेरिल स्ट्रीप आल्या आणि त्यांनी आवाज चढवायचाच नाही असं ठरवलं. कुजबुजीएवढ्या स्वरात माणूस कापून काढणारी मिरांडा प्रीस्टली तिथे जन्मली. तेव्हा अनेक समीक्षकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की गोष्ट पुढे कुठे जाणार हे कळतं, पण बाईंसाठी बघा. त्या भूमिकेला ऑस्करचं नामांकन मिळालं, गोल्डन ग्लोब मिळाला, आणि सिनेमाने जगभरात 32 कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. पुस्तकापेक्षा सिनेमा बरा, असं क्वचितच ऐकू येणारं वाक्य इथे सर्रास ऐकू आलं.

‘लूज फ्रेंड्स’च्या बाबतीत नेमकं उलटं. टोबी यंग हा ब्रिटिश पत्रकार नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात गेला, तिथे एकामागून एक माती खाल्ली, आणि 2001 साली त्याच मातीचं पुस्तक केलं. नावातच डेल कार्नेगींच्या ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ची थट्टा आहे: मित्र जोडायचे नव्हेत, घालवायचे कसे! पुस्तक विषारी आहे, आणि तो विषारीपणाच त्याची गंमत. सिनेमात टोबीचा सिडनी झाला (सायमन पेग), गोड सहकारी म्हणून कर्स्टन डन्स्ट आली, आणि उत्तरार्धात गाडी प्रेमकथेच्या रुळावर गेली. समीक्षक चिडले ते यावर. दात काढलेला साप दाखवून भीती वाटावी अशी अपेक्षा का धरता, असा एकंदर सूर. रॉजर एबर्टसारख्या मोठ्या समीक्षकाला मात्र तो चांगलाच आवडला होता, हेही नोंदवून ठेवतो. प्रेक्षकांची तक्रार वेगळी होती: हा सिडनी डोक्यात जातो.

ती खरीच आहे. सुरुवातीलाच हा गृहस्थ एका तारांकित पार्टीत चक्क डुक्कर घेऊन घुसतो. बर्थडे गिफ्ट म्हणून ऑफिसात स्ट्रिपर बोलावण्याचा प्रसंग आहे, त्यातला ट्रान्स व्यक्तीवरचा विनोद आज खटकतो. दिग्दर्शक रॉबर्ट बी. वाइडी. हो, तेच. कुणाची फजिती झाली की मीममध्ये ज्यांच्या नावाची पाटी झळकते आणि ते टुंगटुंग संगीत वाजतं, ते हेच. सिडनी म्हणजे त्या मीमचं चालतंबोलतं रूप.

पण सेलिब्रिटी पत्रकारिता चालते कशी, हे कळायला हवं असेल तर माझं मत ‘लूज फ्रेंड्स’ला. ‘प्राडा’त पत्रकारिता फारशी नाहीच, मिरांडाचं ‘रनवे’ फॅशनचं मासिक आहे. नायिकेला पुढे ‘खरी’ पत्रकारिता करायची आहे असं आपण ऐकतो, तेवढंच. ‘लूज फ्रेंड्स’मध्ये मात्र गिलियन अँडरसनने साकारलेली पब्लिसिस्ट, म्हणजे नटांची प्रसिद्धी सांभाळणारी बाई आहे, एलिनॉर जॉन्सन, आणि सगळा व्यवहार तिच्या टेबलावर होतो. नट हवाय? मुलाखत हवीय? मग मजकूर छापण्याआधी आम्हाला दाखवायचा. कव्हर हवंय? मग आमच्या या नवख्या दिग्दर्शकाची तारीफही छापा. नाही म्हणालात तर उद्यापासून आमच्या एकाही नटाचा फोन लागणार नाही. लेखणी कोणाच्या खिशात असते हे इतक्या हसतखेळत सांगणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. मेगन फॉक्स तरुण मदर तेरेसा झाली आहे असा एक खोटा ट्रेलर मध्येच येतो. पुरस्कारांसाठी काढलेल्या सिनेमांची एवढी नेमकी टर दुसरीकडे उडालेली नसेल. सिनेमा न आवडलेले लोकही हा तुकडा विसरत नाहीत.

दोन्ही सिनेमांतला सर्वात चांगला प्रसंग बॉसच्या भाषणाचा आहे, ही मजा शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळते. मिरांडा निळ्या स्वेटरवरून सांगते, की तू सेलच्या टोपल्यातून उचललेला हा रंग काही वर्षांपूर्वी आमच्यासारख्यांनीच ठरवला होता, त्यामुळे आपण या धंद्याच्या वर आहोत असं समजू नकोस. जेफ ब्रिजेसचा क्लेटन हार्डिंग सिडनीला सांगतो, की तुला वाटतंय तू पोचलास, पण तू फक्त पहिल्या खोलीत आहेस, अशा सात खोल्या आहेत. हार्डिंग ज्यांच्यावरून बेतला ते ‘व्हॅनिटी फेअर’चे तेव्हाचे संपादक ग्रेडन कार्टर, 1986 साली ‘स्पाय’ नावाचं बड्यांची खिल्ली उडवणारं मासिक काढणाऱ्यांपैकी एक. म्हणजे बाहेरून दगड मारणाराच आतल्या खोलीचा मालक झाला. ब्रिजेसच्या थकलेल्या डोळ्यांत हे सगळं दिसतं, आणि त्याची भूमिका आणखी मोठी हवी होती असं मला तरी वाटत राहिलं. (खऱ्या टोबी यंगचं पुढे काय झालं? 2025 च्या जानेवारीत तो हाऊस ऑफ लॉर्ड्सचा सदस्य झाला. खोल्या मोजत बसा आता.)

काळानेही मतं फिरवली आहेत. ‘प्राडा’त नायिकेचा बॉयफ्रेंड पूर्वी समजूतदार वाटायचा. नंतर नव्या प्रेक्षकांनी, विशेषतः नोकरी करणाऱ्या मुलींनी, त्यालाच खलनायक ठरवलं, आणि ती भूमिका करणाऱ्या एड्रियन ग्रेनियरनेही या मताला मान डोलावली. ‘लूज फ्रेंड्स’वर अशी पुन्हा चर्चा झालीच नाही. अमेरिकेत तो थिएटरात आला आणि गेला.

कोणी म्हणेल, मुंबईतलं काही सांगा की. मधुर भांडारकरांचा ‘पेज थ्री’ (2005) आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, अतुल कुलकर्णींचा क्राइम रिपोर्टर विनायक माने त्यातच. पण तो हसवायला काढलेला नाही. शेवटाकडे घशाशी येतो. हसायचा मूड असेल त्या रात्री लावू नका.

आता निवड. घरचे सगळे सोबत असतील, किंवा दिवसभर बॉसने छळलं असेल, तर डोळे मिटून ‘प्राडा’. ‘प्राडा’ दोनदा पाहून झाला असेल, पेग आवडत असेल आणि मनोरंजनाच्या पानांवरच्या मुलाखती वाचताना ‘हे आधी कोणी तपासलं असेल?’ असा किडा डोक्यात वळवळत असेल, तर ‘लूज फ्रेंड्स’. पण तो हेडफोन लावून एकट्याने बघा. सिडनीच्या टी-शर्टवरचं वाक्य आईने मोठ्याने वाचून अर्थ विचारला तर पंचाईत. आणि डुकराच्या प्रसंगाला ओठही हलले नाहीत तर तिथेच बंद करा, पुढे सिडनी सुधारेल या आशेवर बसू नका. फक्त बंद करण्याआधी पुढे सरकवून मदर तेरेसांचा तो ट्रेलर तेवढा बघून घ्या.