आधी गुणाकार की आधी अवयव?

कोथरूडची भाची आठवीत आहे. बैजिक राशींच्या अपूर्णांकांचा गुणाकार करताना शाळेत सांगतात आधी अवयव पाड, क्लासचे सर म्हणतात सरळ गुणून टाक. तिने विचारलं, मामा, नक्की काय करू? एकच गणित दोन्हीकडून करून बघू:

(क्ष² + ५क्ष + ६)/(क्ष² − ९) × (क्ष² − ३क्ष)/(क्ष + २)

मेहनत: आधी गुणलं तर अंशात क्ष⁴ + २क्ष³ − ९क्ष² − १८क्ष, छेदात क्ष³ + २क्ष² − ९क्ष − १८. आता या लांबलचक राशींचे अवयव पाडत बसायचं, म्हणजे हातात तयार असलेलं मोडून पुन्हा जोडायचं. उलट आधी अवयव पाडले तर:

(क्ष + २)(क्ष + ३)/[(क्ष − ३)(क्ष + ३)] × क्ष(क्ष − ३)/(क्ष + २)

सगळं कटून उत्तर क्ष. दोन ओळींत!

चुका: गुणताना चिन्हं हमखास चुकतात. अवयवांच्या पद्धतीत धोका एकच, पण मोठा: (क्ष + ३)/(क्ष + २) मधले क्ष परस्पर उडवणं. काटायचे ते अवयव, बेरजेतली पदं नव्हेत.

अटी: क्ष ही ३, −३ किंवा −२ असू शकत नाही, कारण छेद शून्य होतो. काटण्याआधी छेदाचे अवयव समोर असल्यामुळे हे लगेच दिसतं. नुसतं 'क्ष' लिहून मोकळं होऊ नये.

एकपदी राशी असतील, जसं २क्ष/३ × ५क्ष/७, तर थेट गुण, १०क्ष²/२१. सामाईक अवयवच नसतील आणि विस्तारित रूप मागितलं असेल, तेव्हाही गुणाकार चालेल. द्विपदी-त्रिपदी दिसल्या की मात्र बेलाशक शाळेचंच ऐक.