अंजनेरीचा एक दिवसाचा फुलांचा ट्रेक: गाईडला पैकीच्या पैकी, नियोजनाला अडीच

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आईला घेऊन नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर जाऊन आले. नेणाऱ्या ट्रेकिंग ग्रुपचं नाव लिहीत नाहीये, कोणाला बदनाम करायचं नाही, पण पैसे भरणाऱ्यांना आधी माहीत असावं एवढंच.

माणशी 900 रुपये, त्यात नाशिकहून गाडी, नाश्ता, गाईड आणि जेवण. मेसेजमध्ये वीस जणांची बॅच म्हटलं होतं, प्रत्यक्षात 43 निघाले. सहाची गाडी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडला पावणेसातला आली आणि आई बिचारी साडेपाचपासून आवरून बसलेली. त्र्यंबक रोडने अंजनेरी आहे किती लांब, वीसेक किलोमीटर, पण एवढ्या उशिरामुळे पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा तिथे जत्रा जमलेली आणि माकडं पिशव्यांवर टपलेली. पुढे चालणारा लीडर सारखी शिट्टी वाजवत होता, कोणाचातरी स्पीकर चालू होता, मला तर तेव्हाच परत फिरावंसं वाटत होतं.

पण मागे राहणाऱ्यांसोबत जे गाईडदादा होते ना, ते गावातलेच, त्यांच्यामुळे दिवस सार्थकी लागला. आईचे गुडघे दुखतात म्हटल्यावर त्यांनी एकदाही घाई केली नाही, जैन लेण्यांपाशी बसवलं, पाणी दिलं आणि वर पठारावर पोचल्यावर आम्हाला चक्क खाली बसायला लावलं. उभं राहून काही दिसत नाही म्हणाले. सोनकीचा पिवळा गालिचा आणि गुलाबी तेरडा लांबूनही दिसतोच, पण ओल्या कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं होती, जांभळी, नखापेक्षा लहान, ती मी नक्की तुडवून पुढे गेले असते. त्यांनी सांगितलं की हे झाड किडे खातं, कातळावरच्या मातीत कस नसतो म्हणून मुळांच्या जागी असलेल्या बारक्या पिशव्यांनी पाण्यातले जीव ओढून घेतं. आईने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तेरड्याची फुगलेली शेंग तिच्या तळहातावर ठेवली, ती फट्कन फुटून बिया उडाल्या आणि आई इतकी हसली की मी फोन काढायचंच विसरले.

देवीला वाहायला आई सोनकी तोडणार तेवढ्यात दादा म्हणाले, मावशी, देवीच्या अंगणातलीच आहेत ती, राहू द्या. आईने हात मागे घेतला आणि अंजनीमातेच्या देवळात नुसता नमस्कार केला.

इथे सापडणाऱ्या कंदीलफुलाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, तिची शास्त्रीय नोंद 2006 ची. दादांनी फक्त फोटो दाखवला, जागा विचारली तर नाही म्हणाले, गर्दी झाली की झाडं जातात म्हणे. माशी कंदिलात शिरली की आतल्या केसांमुळे तिला बाहेर येता येत नाही, ते केस सुकले की सुटते आणि पराग घेऊन जाते, हे त्यांनी असं सांगितलं जणू घरच्या कोणाची गोष्ट चाललीय. 2017 पासून अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि इथे 43 लोकांना एका रांगेत पळवत नेणं मला पटलंच नाही. पायवाट सोडून फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना लीडर एका शब्दाने बोलला नाही, दादाच ओरडले.

आई देवळात बसली आणि मी वरच्या टप्प्यावर गेले. तिथून खालचं तळं खरंच पावलासारखं दिसतं. कड्यावर ढग फाटला आणि समोर अख्खा ब्रह्मगिरी उभा, आपली गोदामाई तिथली, हे लहानपणापासून ऐकून होते, पण मनाला आज भिडलं. आणि इतक्यात शिट्टी! पाच मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

जेवण मात्र उत्तम, गावातल्या एका घरी नागलीची गरम भाकरी, पिठलं, ठेचा आणि कुर्डूची भाजी, ताई आग्रह करकरून वाढत होत्या.

थोडक्यात, या ग्रुपकडे मी परत पैसे भरणार नाही. दादांचा नंबर घेतलाय, फुलं संपायच्या आत आईला घेऊन एसटीने जाणार, मधल्या वारी, आणि कड्यावर हवं तेवढं बसणार.