रस्त्याकडेला काय हवं: बोगनवेल की रानझुडपं?

पुण्यात दुभाजकांवर बोगनवेल लावतात त्याला कारण आहे. पाणी कमी लागतं, ऊन-धूर सोसते, छाटली की पुन्हा फुटते. पण तो गुलाबी बहर पाकळ्यांचा नाही, रंगीत पानांचा आहे. खरं फूल आत, चिमुकलं, अरुंद नळीचं. मधमाशीच्या हाती तिथे फारसं काही लागत नाही.

आता रुई बघा. खडकवासल्याच्या पुढे एका झुडपाशी थांबले होते. पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची प्लेन टायगर फुलपाखराची अळी, फुलांवर भला मोठा काळा भुंगा. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, खुळखुळ्याच्या झुडपाला ब्लू टायगर फुलपाखरं बिलगतात. पावसाळ्यात हे आपसूक उगवतं, आणि आपण ऐन फुलोऱ्यात त्यावर कटर फिरवतो! जीव तुटतो बघताना. दिवाळीनंतर, बिया पडल्यावर कापलं तर पुढच्या पावसात पुन्हा येईल. वळणांवर मात्र आधीच कापावं, समोरचं दिसायला हवं.

माझं मत विचाराल तर दुभाजकावर बोगनवेलच राहू दे. फुलपाखरांना गाड्यांच्या मध्ये बोलावू नये. रुंद कडा रानझुडपांना द्या, आणि थोडी माती उघडी ठेवा. एकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीतच बीळ करतात, पेव्हर ब्लॉक बसले की त्यांना घरच उरत नाही.